साहेबी मेज आणि घरची वडीलधारी माणसे : नळदुर्गच्या वाटेवरून

पुण्या-मुंबईत अथवा हैदराबादेत नोकरीस असलेली मुले आणि नातवंडे आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा आजोबांची पंचाहत्तरी अशा निमित्ताने त्यांना अलीकडे एका वेगळ्या धर्तीच्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन जातात. आत शिरताच वेताच्या खुर्च्या, गडद लाकडाची मेजे, पितळी दिवे आणि संथ फिरणारे पंखे दिसतात. भिंतीवर जुन्या क्लबांतील पिवळट छायाचित्रे असतात. सजावट इंग्रज अमदानीची, ताटातले अन्न भारतीय पण नव्या मांडणीचे आणि सोबतीला रंगीबेरंगी कॉकटेल, असा हा थाट. लंडनच्या मेफेअर भागात २०१३ साली सुरू झालेल्या 'जिमखाना' या रेस्टॉरंटने हिंदुस्थानातील जुन्या जिमखान्यांचे वातावरण उभे केले आणि पुढल्याच वर्षी त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. मुंबईत २०१५ साली सुरू झालेल्या 'द बॉम्बे कँटीन'च्या सजावटीतही जुन्या मुंबईच्या बंगल्यांची आठवण आहे. या धर्तीची ठिकाणे आता अनेक शहरांत दिसतात.

धाराशिवसारख्या जिल्ह्यातील कुटुंबांना अशा जागी प्रथमच जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. तरुण मंडळी रमतात. आजी-आजोबा मात्र अवघडून बसतात. अंधुक उजेडात त्यांना पदार्थांची यादी वाचता येत नाही, कानांवर संगीत आदळत असते, खुर्चीतून उठणे जड जाते आणि कोणीतरी आग्रहाने हातात दिलेल्या पेल्यात नेमके काय आहे, हे विचारण्याचा संकोच वाटतो. ज्यांच्यासाठी हा समारंभ योजला, तेच त्या मेजावर पाहुणे होऊन जातात. ही अवस्था टाळता येते. त्यासाठी प्रथम हा साहेबी थाट मुळात काय होता, हे समजून घेऊ. त्याकरिता लंडनला जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातील नळदुर्गला जाऊ या.

सात वर्षांचा साहेब

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नदीवर धरण घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात जलाशय भरला की धरणाच्या माथ्यावरून पाण्याचे दोन झोत खाली कोसळतात. त्यांना लोक नर-मादी धबधबे म्हणतात. पाणी अंगावरून वाहत असताना आतील महालात माणूस कोरडा उभा राहू शकतो, ही त्या बांधकामाची ख्याती आहे.

या किल्ल्याच्या गावी इंग्रज अधिकारी आला तो १८५३ मध्ये. हैदराबादच्या निजामाकडे कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची थकबाकी साचली होती. तिच्यापोटी कंपनी सरकारने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आपल्या कारभाराखाली घेतला. नळदुर्गच्या कारभारावर नेमला गेला फिलिप मेडोज टेलर. हा गृहस्थ वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीत काम करण्यासाठी आला होता. पुढे तो निजामाच्या चाकरीत शिरला. ठगांच्या जीवनावरील त्याची कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गाजली. १८६३ च्या 'तारा' या कादंबरीत तर त्याने आपल्या तुळजापूरचाच परिसर घेतला. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची कन्या होती आणि पामरची आई हिंदुस्थानी होती. त्या काळातील अशा घरांत दोन संस्कृतींचे रीतिरिवाज शेजारी शेजारी नांदत.

१८५७ मध्ये टेलरची वऱ्हाडात बदली झाली. १८६० च्या तहाने हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. म्हणजे आपल्या जिल्ह्यावर इंग्रजांचा थेट अंमल होता तो अवघी सात वर्षे! त्यानंतर १९४८ पर्यंत येथे निजामाचीच राजवट होती. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि अलीकडे, २०२३ मध्ये, शासनाने पुन्हा धाराशिव हे नाव अधिकृत केले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आरोग्याशी निगडित आहे. इंग्रजी अमदानीची सजावट पाहून नातवंडांना जी गोड हुरहुर वाटते, ती आजोबांना वाटेलच असे नाही. आज पंच्याऐंशी ओलांडलेल्या मराठवाड्यातील माणसाच्या बालपणात गोरा साहेब नव्हता. तेथे निजामाचे नाणे होते, उर्दू शाळा होती आणि अखेरच्या काळात रझाकारांची दहशत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली. त्या वेळी पहिली चकमक याच नळदुर्गपाशी झाली आणि बोरीवरील पूल ताब्यात आला. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झाले. तेव्हा आठ-दहा वर्षांचे असलेले मूल आज आपल्या घरात आजोबा किंवा पणजी म्हणून बसलेले आहे.

जुनी छायाचित्रे, जुन्या वस्तू आणि जुनी गाणी वृद्धांच्या स्मृती जाग्या करतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींशी संवाद साधण्यासाठी काळजी घेणारे लोक या गोष्टीचा मुद्दाम उपयोग करतात. कालचे जेवण न आठवणारी आजी सत्तर वर्षांपूर्वीच्या वाड्यातील दिवाणखाना बारकाव्यांसह सांगू शकते. म्हणून अशा सजावटीच्या जागी बसलात तर विचारा, "आबा, तुमच्या लहानपणी गावात मोठा माणूस आला, तर कुठे उतरायचा? काय जेवायचा?" उत्तरात कदाचित डाकबंगल्याचा खानसामा येईल, कदाचित तहसीलदाराचा टांगा येईल. कधी मात्र त्या आठवणीत भय असते, पळापळ असते. चेहरा गंभीर झाला, हात थरथरू लागले किंवा बोलणे थांबले, तर आग्रह धरू नये. विषय हलकेच बदलावा आणि हात हातात घ्यावा.

साहेबाच्या ताटात काय होते?

साहेबी मेजाचा दिमाख मोठा असला, तरी त्यामागे चूल आपलीच होती. साहेबाचा खानसामा हिंदुस्थानी होता, मसाले येथील होते आणि पुष्कळसे पदार्थही येथल्याच पदार्थांची रूपांतरे होती. तमिळमधील 'मिळगु-तण्णीर', म्हणजे मिरपुडीचे पाणी. त्याचे इंग्रजी जिभेवर 'मलिगाटॉनी सूप' झाले. आपली खिचडी मासे आणि अंडी घालून 'केजरी' या नावाने विलायतेच्या न्याहारीत गेली. 'पंच' हे पेयाचे नाव 'पाच' या आपल्या संख्येवरून पडले, अशी रूढ व्युत्पत्ती आहे. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या त्यातील पाच वस्तू होत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरंभीच्या दिवसांतच, हा शब्द इंग्रजीत वापरात आला.

परदेशी चैनीशी आपल्या जिल्ह्याची ओळख तर याहूनही पुरातन आहे. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात तगरचा उल्लेख असून, तेथील कापड भडोच बंदराकडे जात असल्याचे म्हटले आहे. त्याच बंदरात उतरणाऱ्या आयात मालात इटलीचे मद्य होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात त्या व्यापारयुगातील वस्तू पाहावयास मिळतात.

तेव्हा मेजावरचा कोणताही पदार्थ परका म्हणून बिचकण्याचे कारण नाही आणि साहेबाचा म्हणून भारावून जाण्याचेही नाही. आपल्याला विचार करायचा आहे तो सत्तर-ऐंशी वर्षांच्या शरीराला त्यातील काय मानवेल, एवढाच.

पेल्याविषयी सर्वांत आधी

जिन आणि टॉनिक हे या थाटातील गाजलेले पेय. त्याचा इतिहास हिवतापाशी जोडलेला आहे. सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारे क्विनाइन हिवतापावर उपयोगी पडे. परंतु ते अतिशय कडू असे. सोडा, साखर, लिंबू आणि जिन यांच्या संगतीने ते गोऱ्या लोकांच्या गळी उतरू लागले. या कथेमुळे टॉनिक वॉटर हे औषधी पेय आहे, असा समज अद्याप आढळतो. रात्री पायांत गोळे येतात म्हणून काही वृद्ध ते मुद्दाम घेतात. आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन अत्यल्प असते आणि साखर मात्र भरपूर असते. शिवाय हृदयाची लय बिघडलेल्या किंवा रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत क्विनाइन त्रासदायक ठरू शकते. पायांतील गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारावे. टॉनिक वॉटर हा त्यावरील उपाय नव्हे.

आता मद्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. वृद्धांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे चाळिशीत पचलेला तोच पेला पंचाहत्तरीत रक्तात अधिक तीव्र ठरतो. चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या पेयाच्या ३० मिलिलीटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो आणि ६० मिलिलीटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे एकोणीस ग्रॅम. कॉकटेलमध्ये फळांचा रस आणि साखर यांमुळे ही तीव्रता जिभेला कळत नाही. सरबतासारखे लागते म्हणून आजोबा दोन पेले घेऊन बसतात आणि उठताना तोल जातो. त्या वयात मांडीचे हाड मोडणे म्हणजे अनेक महिन्यांचे अंथरूण आणि कित्येकदा कायमचे परावलंबन.

औषधे चालू असतील, तर पुढील गोष्टी काळजी घेणाऱ्यांनी मनात पक्क्या कराव्यात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे धोकादायक रीतीने उतरू शकते. ती लगेच उतरते असे नाही. कित्येक तासांनी, मध्यरात्री झोपेतही ती उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे आणि गुंगी ही साखर उतरल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात. "थोडी चढली आहे, झोपू द्या" असे म्हणून घरचे निश्चिंत होतात आणि घात होतो. शंका येताच ग्लुकोमीटरने साखर तपासावी. साखर कमी असून माणूस शुद्धीवर असेल, तर पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायला द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झोपेच्या किंवा चिंतेवरील गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम, तसेच सर्दीसाठीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या यांच्यासह मद्य घेतल्यास श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ते घेतल्यास उभे राहताच चक्कर येते. ॲस्पिरिन आणि सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य असते.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मद्य नसलेल्या मॉकटेलमध्येही कधी कधी ग्रेपफ्रूटचा रस असतो. हे फळ आणि त्याच्या कुळातील पपनस, ही कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन व ॲटोरव्हास्टॅटिन यांसारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतात. तेव्हा वाढप्याला निःसंकोच विचारावे, "यात कोणता रस आहे?" पेल्यातून धूर येत असेल, तर तळाशी ड्राय आइस असण्याची शक्यता असते. धूर पूर्ण विरल्याखेरीज तो पेला ओठांना लावू नये आणि त्यातील खडा तर मुळीच गिळू नये. वृद्धांसाठी असा पेला न मागवणेच बरे.

मग मेजावर सर्वांच्या हाती पेले असताना आजोबांनी रिकाम्या हाताने बसावे काय? तसे मुळीच नाही. 'पंच' हा शब्द मूळचा आपला मानला जातो, तर त्यातून मद्य वगळून तो आपल्या सोयीने बनवून घ्यावा. लिंबू, आले, पुदिना, भाजलेले जिरे आणि सोडा अथवा साधे पाणी या पाच वस्तू कोणत्याही चांगल्या रेस्टॉरंटमध्ये मिळतात. मधुमेह असल्यास साखर नको म्हणून सांगावे. रक्तदाब असल्यास मीठ व काळे मीठ नको म्हणावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे नारळपाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पेला मात्र इतरांसारखाच, उंच काचेचा मागावा. समारंभात सर्वांबरोबर पेला उंचावण्याचा आनंद वृद्धांनाही हवा असतो.

ताटाविषयी

नव्या मांडणीच्या भारतीय जेवणात वृद्धांच्या सोयीच्या काही गोष्टी खरोखर आहेत. पदार्थ लहान लहान वाट्यांतून, एकामागून एक येतात. वृद्धापकाळी एका बैठकीत भरपेट जेवल्यास रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळून रक्तदाब उतरतो आणि जेवणानंतरच्या एक-दोन तासांत उठताना भोवळ येऊ शकते. थोडे थोडे, सावकाश खाणे हा त्यावरील साधा उपाय होय. जेवण संपल्यावर लगेच उठू नये. काही वेळ बसावे, मग खुर्चीचा हात धरून उभे राहावे आणि क्षणभर थांबून पाऊल टाकावे.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे भरड धान्यांचे पुनरागमन. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून मोठ्या रेस्टॉरंटांच्या यादीत ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. आपल्या शेतातील मालदांडी ज्वारी तेथे परदेशी नावाच्या पदार्थात शिजून आलेली दिसेल, तेव्हा आजीला हसू येईल. येऊ द्यावे, त्या मेजावर तिच्याएवढे ज्वारीविषयी जाणणारा दुसरा कोणीही नसेल. हुरडा कधी काढतात, भाकरी का तुटते, येसर आमटीला दाटपणा कशाने येतो, हे तिने नातवंडांना सांगावे अशी ती वेळ असते.

सावधगिरीचे मुद्देही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक लहान चमचाभर मीठ पुरेसे असते. बाहेरच्या जेवणात सॉस, लोणची, पापड आणि चीज यांतून ते एका वेळेसच पोटात जाऊ शकते. हृदयविकार असणाऱ्यांच्या पायांवर दुसऱ्या दिवशी सूज दिसते, ती यामुळेच. "मीठ कमी घाला" हे मागणी नोंदवतानाच सांगावे. पदार्थ तयार झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

कवळी असणाऱ्यांनी कुरकुरीत आणि चिवट पदार्थ टाळावेत. गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीस मऊ, दाटसर पदार्थ सोपे जातात. पातळ सूपमध्ये घन तुकडे असल्यास ते अधिक त्रासाचे ठरते, कारण तोंडाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. उस्मानाबादी शेळीचे मटण आपल्या भागाचा अभिमान आहे. ते मागवल्यास हाडे काढून, बारीक तुकडे करून, चांगले शिजवून देण्यास सांगावे. घास तोंडात असताना वृद्धांना प्रश्न विचारू नयेत, हा नियम साऱ्या कुटुंबाने पाळावा. गोडासाठी मन होत असेल, तर कुंथलगिरीच्या खव्याचा एक पेढा चौघांनी वाटून खावा. चव सर्वांना मिळते आणि साखरही मर्यादेत राहते.

उजेड, आवाज आणि मान

अशा रेस्टॉरंटांत मंद उजेड शोभेसाठी ठेवलेला असतो. साठीतील माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतील माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. म्हणजे नातवाला जो उजेड रम्य वाटतो, तो आजोबांसाठी जवळजवळ काळोख असतो. जागा राखून ठेवतानाच भिंतीलगतचे, उजेडाचे, ध्वनिक्षेपकापासून दूरचे मेज मागावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची पाठ भिंतीकडे असली, तर मागचा गोंगाट कमी होतो. खोल गादीचा सोफा नको. हात असलेली, टणक बैठकीची खुर्ची हवी. दारात पायऱ्या किती, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे की नाही आणि तेथे धरायला दांडा आहे का, हे दूरध्वनीवर आधी विचारून घ्यावे. वेळ संध्याकाळी सातची ठरवावी. रात्री साडेनऊला पहिला घास मिळाला, तर मधुमेहाच्या गोळीचे गणित बिघडते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान. वाढपी मुलाकडे पाहून विचारतो, "हे काय घेतील?" मुलगाही सहज उत्तर देऊन टाकतो. आजोबा शेजारीच बसलेले असतात. अशा वेळी मुलाने एवढेच म्हणावे, "त्यांनाच विचारा." इंग्रजीतील यादी मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी आणि पदार्थात काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे. किंमत सांगण्याची घाई करू नये. आकडा ऐकताच "मला भूक नाही" असे म्हणणारी ती पिढी आहे. निवड त्यांची त्यांना करू द्यावी. पथ्यामुळे एखादी गोष्ट नको असेल, तर चारचौघांत रागावू नये. घरून निघण्यापूर्वीच दोघांनी मिळून ठरवावे. वाचक स्वतः ज्येष्ठ असतील, तर त्यांनीही संकोच सोडावा. उजेड वाढवा, आवाज कमी करा, तिखट नको, हे सांगणे म्हणजे त्रास देणे नव्हे.

नळदुर्गची एक दिवसाची सहल

शहरातील रेस्टॉरंटचा बेत असो वा नसो, नळदुर्गचा बेत अवश्य करावा. तुळजापूरहून हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर आणि सोलापूरहून सुमारे पन्नास किलोमीटर आहे. पावसाळा सरता सरता जलाशय भरलेला असल्यास धबधबे दिसतात. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवा सुखद असते. सकाळी ऊन कोवळे असतानाच पोहोचावे. पाणीमहालाच्या पायऱ्या अरुंद आहेत आणि ओल असल्यास निसरड्या होतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी, तसेच तोल जाणाऱ्यांनी वरूनच पाणी पाहावे. उपळी बुरुजाच्या पायऱ्याही उंच आहेत. नातवंडांनी वर जावे आणि आजोबांनी खाली सावलीत बसून तोफांची गोष्ट तयार ठेवावी. चालताना घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे आणि हाती काठी असावी.

वृद्धांना तहान कमी जाणवते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट पाणी द्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. पिशवीत दुपारच्या गोळ्या, साखरेची पुडी, औषधांची लिहिलेली यादी आणि टोपी असावी. जेवण घरून न्यावे किंवा वाटेत साधे घ्यावे. मऊ ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि ताजे ताक असले, तरी मेजवानीच होते. कवळीवाल्यांसाठी भाकरी आमटीत कुस्करून द्यावी.

तेथे बसल्यावर घरातील धाकट्यांना सांगावे की, येथे एकेकाळी आदिलशाहीचा अंमल होता, मग निजामाचा. मधली सात वर्षे इंग्रज अधिकारी कारभार पाहत होते आणि १९४८ च्या सप्टेंबरात पलीकडच्या पुलावरून स्वातंत्र्य या भागात आले. त्या दिवसांची काही आठवण घरात कोणाला असेल, तर त्यांच्याकडूनच ती ऐकावी आणि परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी.

पुढे केव्हातरी शहरातील साहेबी थाटाच्या मेजावर बसण्याची वेळ आली, तर जाण्याआधी तीन कामे उरकावीत. डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला औषधांची यादी दाखवून काय वर्ज्य आहे ते विचारावे. रेस्टॉरंटला दूरध्वनी करून उजेड, खुर्ची आणि पायऱ्या यांची चौकशी करावी. आणि आजी-आजोबांना विचारावे, "तुम्हाला तिथे यायला आवडेल का?" उत्तर "नाही" असे आले, तर तेही आनंदाने मान्य करावे. जेवण घरी करता येते आणि नातवंडांना घरी बोलावता येते.